भरतीच्या लहरींचें पृथक्करण

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून भरती-ओहोटीची नोंद यंत्रानें होऊं लागली. यंत्र कागदावर वक्ररेषा काढी. तीवरून दर तासाची पाण्याची उंची उतरून घेतली म्हणजे वर्षाचे ८,७६० आंकडे होतात. त्या आंकड्यांत चंद्र कोठें व सूर्य कोठें, हें नुसत्या नजरेस कळणें शक्य नाहीं.

तें कळण्याची किल्ली उष्णतेच्या अभ्यासांतून हातीं आली. वेडीवांकडी वक्ररेषाहि साध्या लहरींच्या बेरजेनें साधते, असें जोसेफ फूरिये यानें १८२२ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. पुढें लॉर्ड केल्विन झालेले विल्यम थॉमसन यांनीं १८६७ च्या सुमारास तें तत्त्व समुद्रास लाविलें. एका ठराविक गतीची लहर घ्यावी, तिच्या दर तासाच्या मूल्यानें त्या तासाच्या उंचीस गुणावें आणि गुणाकारांची बेरीज करावी. लहर पाव आवर्तन सरकवून तीच क्रिया पुन्हां करावी. ती गति पाण्यांत असेल तर बेरीज सांचत जाते. नसेल तर धन व ऋण एकमेकांस खाऊन टाकतात. मग आडव्या रेषेवर गति व उभ्या रेषेवर लहरीची उंची मांडली कीं मोजके खांब उभे राहतात. १२ तास २५ मिनिटांचा खांब चंद्राचा, १२ तासांचा सूर्याचा. हे दोन इतके लगत कीं, ते वेगळे दिसण्यास सुमारें पंधरा दिवसांची, म्हणजे एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंतची, नोंद लागते. उधाण व भांग यांचें हें अंतर कोळ्यांस तिथीवरून केव्हांच ठाऊक होतें! तासातासाच्या नोंदींत दोन तासांहून जलद लहर मात्र मंद लहरीचें सोंग घेऊन शिरते.

सर्वच गति तपासावयाच्या तर वर्षाच्या आंकड्यांस साडेसात कोटींहून अधिक गुणाकार पडतात. कूली व टूकी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या युक्तीनें ते लाख-दोन लाखांवर आले. केल्विनच्या काळीं ती सोय नव्हती. म्हणून गति खगोलशास्त्रावरून आधीं ठरवीत व तेवढ्याच तपाशीत. सांपडलेल्या लहरींची पुन्हां बेरीज करून पुढील भरती वर्तविणारें यंत्र हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं १८७९ सालीं लंडनमध्यें एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून बांधलें गेलें.

या बेरजेवर हजारों प्राण अवलंबून राहण्याचा प्रसंग दुसऱ्या महायुद्धांत आला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जर्मनांनीं रोवलेले अडथळे ओहोटींतच उघडे पडत. पण त्या पुळणींवर वर्षभर नोंद कोण ठेवणार? शिवाय उथळ पाण्यांत चंद्राची लहर विकृत होऊन निम्म्या आवर्तनाच्या, ६ तास १२ मिनिटांच्या, लहरीस जन्म देते. ऑक्टोबर १९४३ मध्यें नौदलाच्या जलमापन खात्यांतील फारकरसन यांनीं लिव्हरपूलजवळ बिडस्टन येथें आर्थर डूडसन यांजकडे अकरा लहरींचे आंकडे धाडले. ठिकाणाचें नांव नाहीं, केवळ ‘झेड’ हें अक्षर. डूडसन यांनीं १९२१ सालीं भरतीच्या ३८८ लहरी गणितानें वेगळ्या काढल्या होत्या; येथें अकरांवरच भागवावयाचें होतें. एकाच बॉम्बनें दोन्ही नष्ट होऊं नयेत म्हणून त्यांचीं दोन यंत्रें निरनिराळ्या इमारतींत ठेविलीं होतीं.

६ जून १९४४ रोजीं पश्चिमेच्या अमेरिकन पुळणींवर सैन्य सकाळीं साडेसहास उतरलें. पूर्वेकडे ओहोटी उशिरां. म्हणून ब्रिटिश सैन्य तेथें सुमारें तासाभरानें उतरलें.