रावबहादूर बोले आणि त्यांचा ठराव



२० मार्च म्हटलं की महाड, आणि महाड म्हटलं की चवदार तळं. हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरांनाही शिकवावं लागत नाही. पण १९२७ साली बाबासाहेब तळ्याकडे निघाले तेव्हा त्यांच्या पाठीशी जशी हजारो माणसं होती, तसा एक सरकारदरबारी मंजूर झालेला ठरावही होता. जयंतीच्या भाषणांत 'बोले ठराव' एवढा उल्लेख होतो आणि वक्ता पुढे जातो. हे बोले कोण, असं विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. दादरला सिद्धिविनायक मंदिराजवळ एस. के. बोले रोड आहे. आपल्यातले कितीतरी जण त्या रस्त्याने जातात, पण पाटीवरचं नाव कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले. त्यांच्या सार्वजनिक कामाची एक मोठी बाजू गिरणगावाची आहे. १९०९ च्या सुमारास मुंबईत 'कामगार हितवर्धक सभा' निघाली, तिच्या पुढाऱ्यांत बोले होते. ती आजच्या अर्थाने लढाऊ युनियन नव्हती. अर्ज करायचे, कामगारांची गाऱ्हाणी मांडायची, भांडण चिघळण्याआधी तडजोड करायची, अशी तिची रीत. पण तो काळ लक्षात घ्या. गिरणीतल्या प्रौढ पुरुषाने दिवसाला किती तास राबायचं, याला १९११ च्या कायद्यापर्यंत मर्यादाच नव्हती, आणि त्या कायद्यानेही मर्यादा घातली ती बारा तासांची! साच्यावर उभं राहून ज्याने पाळी काढली आहे, त्याला बारा तास म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अशा काळात कामगारांची बाजू उघडपणे घेणारा माणूस पुढे कायदेमंडळात गेला.

तेव्हाचं मुंबई कायदेमंडळ म्हणजे आजची विधानसभा नव्हे. मुंबई इलाखा सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला. मताचा अधिकार मूठभरांना, वर इंग्रज गव्हर्नर. अशा सभागृहात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव मंजूर झाला. त्याचा आशय असा की, सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, अथवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने वापरायला अस्पृश्य वर्गाला मुभा असावी. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने खातेप्रमुखांना त्याप्रमाणे अंमल करण्याचा हुकूम काढला.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव म्हणजे सभागृहाने सरकारला केलेली शिफारस. तो मोडला म्हणून कुणाला शिक्षा होत नव्हती. नगरपालिका आणि लोकल बोर्डं बहुतेक ठिकाणी गप्प बसली. महाडची नगरपालिका मात्र वेगळी निघाली. सुरबानाना टिपणीस तिथले अध्यक्ष, त्यांच्या काळात जानेवारी १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव झाला. तळं खुलं झालं, पण कागदावरच. प्रत्यक्षात आपल्या माणसाने घागर बुडवायची हिंमत करावी अशी परिस्थिती नव्हती.

बोले तेवढ्यावर थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि बोर्डं पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. शब्दाने ऐकत नाही त्याच्या पैशावर बोट ठेवायचं, ही यातली अक्कल.

मग १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना यांनी खपून परिषद उभी केली. बाबासाहेब त्याच वर्षाच्या सुरुवातीला कायदेमंडळाचे सभासद झाले होते. ते पुढे चालले, ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर आपल्या लोकांची डोकी फुटली. आणि नगरपालिकेने काय केलं? आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहा : ४ ऑगस्ट १९२७. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली, त्याच दिवशी. पुढे तळं खाजगी आहे असा दावा कोर्टात लावला गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. चार पावलांवरच्या पाण्यासाठी दहा वर्षं कोर्टकचेरी!

कुणी म्हणेल, मग त्या ठरावाचा उपयोग काय झाला? माझं म्हणणं, उपयोग झाला. ठराव नसता तर आपल्या माणसांना घुसखोर म्हटलं असतं. ठराव होता म्हणून ती हक्क बजावायला आलेली माणसं ठरली. पण नुसता ठराव असता आणि माणसं चाललीच नसती, तर तो दप्तरात धूळ खात पडला असता. दोन्ही लागतात. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या संविधानाचं १५ वं कलम काढून वाचा. सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरात जात आडवी येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. १९२३ साली जी शिफारस होती, ती आता देशाचा मूलभूत हक्क आहे.

आणखी एक आठवण. धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथाप्रमाणे, १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाच्या सत्कार सभेचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे बोल्यांचं राजकारण आपल्या चळवळीच्या वाटेने गेलं नाही, हेही खरं. म्हणून त्यांनी केलेलं काम खोटं ठरत नाही. जो जेवढं आपल्याबरोबर चालला, तेवढं त्याचं ऋण प्रामाणिकपणे मानावं.

आज आपल्या दाराशी नगरसेवक येतो, आमदार येतो. त्याने किती हार घेतले हे मोजू नका. सभागृहात कोणता प्रश्न मांडला, कोणता हुकूम काढायला लावला, आणि पाळला गेला नाही तेव्हा दुसऱ्यांदा उभा राहिला का, हे विचारा. आणि हुकूम निघाला असेल तर आपण चार जण मिळून कचेरीत जाऊन तो बजावून घेतला का, हे स्वतःलाही विचारा.

जय भीम!