कैगाचा घुमट आणि अभियंत्यांचा शब्द

निपाणी-संकेश्वरकडील साखर कारखान्यांच्या बॉयलरची तपासणी होते, हे आपणांस ठाऊक आहेच. असल्या तपासणीच्या नियमांची एक शाखा थेट अणुभट्टीपर्यंत पोहोचली आहे. १९०५ साली अमेरिकेतील ब्रॉक्टन गावी जोड्यांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ माणसे दगावली. पुढे तेथील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने बॉयलर कसा बांधावा याची संहिता रचली; ती १९१५ साली प्रसिद्ध झाली. १९६३ साली तीत अणुभट्टीच्या पात्रांसाठी स्वतंत्र विभाग आला आणि नंतर सरकारनेच तिला कायद्याचे बळ दिले. धंद्यातील जाणत्यांचा शब्द असा राष्ट्राचे धोरण झाला.

आपल्याकडील घडण निराळी. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स १९२० पासूनची. परंतु अणुशक्तीचे धोरण १९४८ पासून सरकारी अणुशक्ती आयोगाच्या हाती राहिले. सुरक्षेसाठी १९८३ साली नियामक मंडळ स्थापन झाले, तेही आयोगालाच उत्तरदायी.

आता आपल्या शेजारच्या कारवार तालुक्यात, काळी नदीकाठच्या कैगाकडे पाहू. १३ मे १९९४ रोजी तेथील पहिल्या अणुभट्टीच्या, बांधकाम चालू असलेल्या आतील घुमटाचे सुमारे १३० टन काँक्रीट कोसळले. इंधन भरलेले नव्हते, हे केवढे भाग्य! अशा घुमटात पोलादी तारा ताणून बसवितात. वक्रतेमुळे त्या काँक्रीटला आत रेटतात. थरांना आरपार टाचून धरणाऱ्या सळ्या अपुऱ्या असल्या, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा खालचा थर सुटतो. फ्लॉरिडात टर्की पॉइंट येथे १९७० साली आणि क्रिस्टल रिव्हर येथे १९७६ साली घुमटांचे थर असेच सुटले होते. असले अनुभव उघड्या चर्चेत यावेत यासाठीच तर व्यावसायिक संस्था असावयाच्या. धोरण बंद दाराआड ठरू लागले की त्यांना आमंत्रण जात नाही. माझ्या मते खरे दुखणे तेथे आहे.

मंडळाने काम थांबविले. घुमट नव्या आराखड्याने उभा राहिला, भट्टी २००० साली सुरू झाली आणि पुढे, योगायोगाने १३ मे रोजीच, २०१६ साली सुरू होऊन ९६२ दिवस अखंड चालली. तो त्या वेळी जागतिक विक्रम होता. अपघातसमयीचे मंडळाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन हे स्वतः अभियंते. मंडळ आयोगापासून स्वतंत्र असावे, असे त्यांनी पद सोडल्यावर जाहीरपणे मांडले. २०११ साली नव्या नियामक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत आले. २०१४ साली ती लोकसभा विसर्जित होताच तेही बारगळले.