तोंडांतील गांठी : भय आणि ओळख



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांना वाटेल कीं, हा प्रांत दंतवैद्यांचा; इतिहासाच्या मास्तराचें तेथें काय काम? परंतु रोगांची ओळख मनुष्याला कसकशी पटत गेली, हाहि इतिहासाचाच भाग आहे. तोंडांत उठणाऱ्या गांठी आणि चट्टे यांच्या बाबतींत तर त्या इतिहासाचें एक महत्त्वाचें प्रकरण आपल्या मुंबईंतच लिहिलें गेलें. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघरीं तें ठाऊक असावें, एवढाच माझा हेतु.

प्रारंभ आपल्या जुन्या ग्रंथापासून करूं. सुश्रुतसंहितेंत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. ओंठांचे आठ, हिरड्यांचे पंधरा, दांतांचे आठ, जिभेचे पांच, टाळूचे नऊ, कंठाचे सतरा आणि सर्व मुख व्यापणारे तीन, अशी ती वांटणी. त्यांत 'उपजिह्विका' नांवाचा एक विकार आहे. जिभेखालीं जिभेच्याच टोकासारखी सूज येते, ती जिभेला वर उचलते आणि लाळ गळूं लागते. अशाच एका सुजेला युरोपांतील वैद्यांनीं लॅटिन भाषेंत 'लहानशी बेडकी' या अर्थाचें नांव दिलें. लाळेच्या ग्रंथीची वाट बिघडून लाळ आंत सांचली म्हणजे ही बेडकी फुगते, हें आज आपल्याला कळतें. वाढलेली पडजीभ कापतांना ती फार कापूं नये, रक्तस्राव होईल. फार थोडी कापूं नये, सूज राहील. असा इशाराहि सुश्रुतानें दिला आहे. त्या काळच्या वैद्याचा हात किती सावध होता, हें यावरून दिसतें. मात्र त्याचीं साधनें दोनच : डोळा आणि बोट. गांठ कोठें आहे आणि कशी दिसते हें त्याला सांगतां येई. ती आंतून काय आहे, हें सांगण्याचा मार्ग त्याला उपलब्ध नव्हता.

डोळ्यावर विसंबल्यानें विद्वानहि कसे चकतात, याचें एक उदाहरण १८९७ सालचें आहे. पाँसे आणि डोर या फ्रेंच शल्यवैद्यांनीं लालभडक, स्पर्शानेंच रक्त येणाऱ्या लहान गांठींचें वर्णन केलें आणि घोड्यांना होणाऱ्या एका बुरशीच्या रोगाशीं त्यांचा संबंध जोडला. १९०४ सालीं हार्टझेल नांवाच्या अमेरिकन वैद्यानें तिला पू निर्माण करणारी गांठ अशा अर्थाचें नांव दिलें. पुढें असें ठरलें कीं, तिच्यांत घोड्याची बुरशी नाहीं आणि पूहि नाहीं. पण नांव जें चिकटलें तें चिकटलेंच. ही गांठ बहुधा हिरडीवर येते. गरोदर स्त्रियांत ती विशेष दिसते आणि बाळंतपणानंतर पुष्कळदां आपोआप आकसते. दांतांवरील कीटण, एखादी बारीक जखम आणि शरीरांतील स्रावांचे बदल हीं तिचीं कारणें होत. घरांतल्या वडील बायका अशा वेळीं घाबरून जातात; त्यांना हें सांगितलें पाहिजे.

निरुपद्रवी गांठींचें कुळ असेंच आहे. गालाची तीच जागा वरचेवर दांतांखालीं चावली गेली, तर तेथें घट्ट, गुळगुळीत गांठ धरते. सैल झालेली कवळी घासून घासून हिरडीला घड्या पडतात. खालच्या ओंठाच्या आंतल्या बाजूस चावा बसून लाळेची सूक्ष्म नळी तुटली, तर पाण्यासारखा फोड येतो. या सर्वांचें तात्पर्य एकच : सततच्या घर्षणाला किंवा इजेला शरीरानें दिलेलें तें उत्तर असतें. कारण काढून टाकलें आणि गरज पडल्यास गांठ कापली, कीं बहुधा काम संपतें.

मग भय कशाचें? भय याचें कीं, बाहेरून निरुपद्रवी दिसणारी प्रत्येक गोष्ट निरुपद्रवीच असेल असें नाहीं. ती शंका फेडण्याचें साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. गांठीचा तुकडा मेणांत बसवून त्याचे मिलिमीटरच्या दोनशेंव्या भागाइतके पातळ काप घ्यावयाचे, ते रंगवावयाचे आणि कांचेखालीं पाहावयाचे, ही ती पद्धति. १९४४ सालीं खानोलकरांनीं मुंबईंतील मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रोग्याची गांठ पाहतांना त्याच्या सवयी आणि चालीरीतीहि पाहाव्या, हा त्यांच्या कार्याचा विशेष होता.

तोच धागा डॉ. फली मेहता यांनीं पुढें नेला. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईच्या पोलिसांचीं तोंडें तपासलीं आणि तंबाखूमुळें उठणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांवर दहा वर्षें लक्ष ठेविलें. कांहीं चट्टे नाहींसे झाले, कांहीं तसेच राहिले; परंतु असा चट्टा क्वचित् कर्करोगाचें रूप घेतो, हेंहि सिद्ध झालें. १९७२ सालीं महाराष्ट्रांतील १,०१,७६१ खेडुतांची त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. बिडी, पान-तंबाखू आणि बायकांची मशेरी यांचा हिशेब असा प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर मांडला गेला.

दुसरा विकार याहूनहि मुका. १९५२ सालीं श्वार्ट्झ यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पांच भारतीय स्त्रियांत आणि १९५३ सालीं आपल्या देशांत डॉ. जोशी यांनीं त्याचें वर्णन केलें. गालाची आंतील त्वचा ताठ होत जाते, तिखट सोसेनासें होतें आणि हळूहळू तोंड उघडेनासें होतें. येथें गांठ नाहीं, दोष सुपारीचा. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतः कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला, आणि २०१२ सालीं महाराष्ट्र शासनानें गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली.

आपल्या उपनगरांचा याच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. १९५० आणि १९५७ सालीं अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हीं गांवें बृहन्मुंबईंत आलीं, आणि १९६३ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीनें शहरासाठीं कर्करोगाची नोंदवही सुरू केली. लोकसंख्येच्या आधारें ठेविलेली अशी ही भारतांतील पहिलीच नोंद. तेव्हांपासून उपनगरांतील माणसाचें दुखणेंहि शास्त्राच्या खात्यांत जमा होऊं लागलें.

इतक्या इतिहासांतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. जी गांठ हाताला लागते, तिचें आपण भय बाळगतों, आणि पुष्कळदां ती निरुपद्रवी ठरते. जो चट्टा दुखत नाहीं, त्याच्याकडे आपण पाहतहि नाहीं. म्हणून आठवड्यांतून एकदां दिव्याच्या उजेडांत आरसा घ्यावा, ओंठ, गाल, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. दोन आठवड्यांत बरा न झालेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा अथवा वाढती गांठ दिसली, तर दंतवैद्याकडे जावें आणि त्यानें तुकडा तपासावयास सांगितला, तर नाहीं म्हणूं नये. तुकडा काढल्यानें रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. ती पोसण्यांत जो वेळ जातो, तोच पुढें महाग पडतो.