नॅट किंग कोल शो

अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणी जाळ्यावरून ५ नोव्हेंबर १९५६ ते १७ डिसेंबर १९५७ या काळात प्रक्षेपित झालेला संगीतप्रधान विविधरंगी कार्यक्रम. गायन, वादन, नृत्य व पाहुण्या कलावंतांशी हलकेफुलके संभाषण यांची गुंफण एकच सूत्रधार करतो, अशा कार्यक्रमाला तेथे ‘व्हरायटी शो’ म्हणतात. पेरी कोमो, डायना शोर यांसारख्या गौरवर्णीय गायकांनी हा प्रकार लोकप्रिय केला होता. कृष्णवर्णीय कलावंतांपैकी हेझल स्कॉट (१९५०) आणि बिली डॅनियल्स (१९५२) यांचे कार्यक्रम आधी होऊन गेले होते. परंतु ते अल्पायुषी ठरले आणि कोल यांच्याइतकी देशव्यापी कीर्ती त्या दोघांपैकी कोणाकडेही नव्हती.

नॅट किंग कोल (१९१९–६५) यांचा जन्म अलाबामा राज्यातील माँटगोमेरीचा आणि बालपण शिकागोतले. जॅझ पियानोवादक म्हणून नाव मिळवल्यानंतर ‘मोना लिसा’सारख्या ध्वनिमुद्रिकांमुळे त्यांचा मृदू, संथ आणि प्रत्येक शब्द स्वच्छ पोचवणारा आवाज घरोघरी गेला. तरीही एप्रिल १९५६ मध्ये बर्मिंगहॅम येथे, गौरवर्णीय श्रोत्यांसमोर गात असताना, वर्णद्वेष्ट्यांनी मंचावर चढून त्यांच्यावर हल्ला केला. त्यानंतर सातच महिन्यांनी हा कार्यक्रम सुरू झाला, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचे मोल कळत नाही.

आरंभी तो सोमवारी रात्री, अवघ्या पंधरा मिनिटांचा असे. मांडणी साधी होती: थोडकेच नेपथ्य, वाद्यवृंदाची साथ, कधी उभ्याने तर कधी पियानोपाशी बसून गाणारे कोल, आणि प्रेक्षकाला घरी आलेल्या स्नेह्यासारखे वाटावे असे त्यांचे बोलणे. जुलै १९५७ मध्ये त्याची वेळ अर्ध्या तासाची झाली. संगीतसंयोजक नेल्सन रिडल यांचा वाद्यवृंद साथीला होता. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे, पेगी ली, सॅमी डेव्हिस ज्युनिअर, मेल टॉर्मे अशा कलावंतांनी, एरवी त्यांना मिळणाऱ्या रकमेच्या मानाने नगण्य असलेले, कलावंत संघटनेने ठरवलेले किमान मानधन घेऊन हजेरी लावली. त्यांतील अनेक जण केवळ कोल यांच्यासाठी, कार्यक्रम तगावा म्हणून आले होते.

कारण कार्यक्रमाला राष्ट्रीय प्रायोजक नव्हता. त्या काळी अमेरिकी दूरचित्रवाणीचा बराचसा खर्च उत्पादक कंपन्या उचलत आणि कोणाच्या नावाशी माल जोडायचा, हे त्यांच्या जाहिरातसंस्था ठरवत. कृष्णवर्णीय सूत्रधाराच्या कार्यक्रमाला पैसा पुरवल्यास दक्षिणेकडील गिऱ्हाईक मालावर बहिष्कार घालील, या धास्तीने कोणीही पूर्ण भार घेण्यास पुढे आले नाही. दक्षिणेतील काही संलग्न केंद्रांनी तर कार्यक्रम दाखवलाच नाही. एनबीसीने तोटा सोसून प्रक्षेपण चालू ठेवले आणि काही शहरांपुरते स्थानिक प्रायोजक मिळवले. न्यूयॉर्कमध्ये राइनगोल्ड बिअरची जाहिरात त्यासोबत असे. मात्र ही जोड पुरेशी नव्हती. पुढे एनबीसीने शनिवारी संध्याकाळची गैरसोयीची वेळ देऊ केली, तेव्हा कोल यांनीच थांबण्याचा निर्णय घेतला. ‘एबनी’ मासिकाच्या फेब्रुवारी १९५८ च्या अंकात त्यांनी आपली बाजू मांडली आणि दोषाचा रोख प्रेक्षकांवर किंवा एनबीसीवर न ठेवता जाहिरातसंस्थांवर ठेवला. उपलब्ध घटनाक्रम पाहता हा निवाडा न्याय्य ठरतो.

जाहिरातदारांची ती भीती लगेच ओसरली नाही. १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात गौरवर्णीय गायिका पेटुला क्लार्क यांनी गाताना कृष्णवर्णीय बेलाफॉन्टे यांच्या दंडाला स्पर्श केला, तेव्हा प्रायोजक मोटारकंपनीच्या प्रतिनिधीने ते दृश्य वगळण्याचा आग्रह धरला. क्लार्क यांनी तो मानला नाही. कृष्णवर्णीय सूत्रधाराच्या व्हरायटी शोला अमेरिकाभर मोठा प्रेक्षकवर्ग लाभण्यासाठी १९७० उजाडावे लागले. त्या वर्षी एनबीसीवरच सुरू झालेला विनोदी नट फ्लिप विल्सन यांचा कार्यक्रम पहिल्या दोन्ही हंगामांत प्रेक्षकसंख्येत देशात दुसऱ्या स्थानी होता. कोल तोवर हयात नव्हते. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.