वसंतराव देशपांडे

डॉ. वसंतराव देशपांडे (२ मे १९२०, मूर्तिजापूर – ३० जुलै १९८३, पुणे) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील गायक आणि मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट होते. तबला व हार्मोनियम या वाद्यांवरही त्यांचे प्रभुत्व होते. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेमुळे ते महाराष्ट्रभर ओळखले गेले.

बालपण आणि शिक्षण

वसंतरावांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. त्यांचे बालपण नागपुरात आईच्या छत्राखाली गेले. नागपूर येथील संगीतशिक्षक शंकरराव सप्रे हे त्यांचे पहिले गुरू. पुढे संगीतकार म्हणून नावारूपाला आलेले सी. रामचंद्र हेही सप्रे यांचेच विद्यार्थी होत. भालजी पेंढारकर यांच्या ‘कालियामर्दन’ (१९३५) या चित्रपटात वसंतरावांनी कृष्णाची भूमिका केली.

लाहोर येथे त्यांना असद अली खाँ यांच्याकडून मारवा रागाची तालीम मिळाली. त्यानंतर किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ तसेच रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गायकीचा प्रभाव त्यांच्यावर अखेरपर्यंत राहिला.

नोकरी आणि गायन

चरितार्थासाठी वसंतरावांनी पुणे येथे लष्करी हिशेब खात्यात दीर्घकाळ नोकरी केली. कचेरीचे काम सांभाळून ते मैफली करीत. त्यांचे स्नेही पु. ल. देशपांडे अनेकदा त्यांना हार्मोनियमची साथ करीत असत. मात्र एका घराण्याची शिस्त मानणाऱ्या त्या काळात अनेक गुरूंकडून घडलेल्या या गायकीला मान्यता मिळण्यास विलंब लागला. पूर्णवेळ गायक म्हणून त्यांची कारकीर्द वयाच्या चाळिशीनंतरच बहरली.

‘कट्यार काळजात घुसली’

पाश्चात्त्य ऑपेरात बहुतेक संवादही गायले जातात. मराठी संगीत नाटकात संवाद गद्य असतात व पदे तेवढी ऑर्गन-तबल्याच्या साथीने गायली जातात. रागविस्तार किती करावा हे मात्र नटाच्या कुवतीवर सोडलेले असते. त्यामुळे या रंगभूमीला अभिनयाइतकीच गायनाची तयारी असलेला कलावंत लागतो.

मूळचे नागपूरचे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेले ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक नाट्यसंपदा या संस्थेने १९६७ साली रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. दोन घराण्यांतील स्पर्धा आणि विद्येवर हक्क कोणाचा हा प्रश्न नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. आपल्या घराण्याचा कडवा अभिमान बाळगणाऱ्या खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली. ज्यांचे स्वतःचे गाणे कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत बसत नव्हते, त्या वसंतरावांनीच ही व्यक्तिरेखा अजरामर केली. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षांचे होते.

गायनशैली

चपळ व अनपेक्षित वळणे घेणारी तान, लयीशी खेळणे आणि तिन्ही सप्तकांतील सहज संचार ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये मानली जातात. तबल्याच्या अभ्यासामुळे लयीवरील त्यांची पकड पक्की होती. ख्यालाबरोबरच ठुमरी, नाट्यगीत व भावगीत हे प्रकारही ते गात. ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटात त्यांनी गायलेले, मुलीची पाठवणी करणाऱ्या पित्याचे गीत आजही लोकप्रिय आहे.

सन्मान आणि स्मृती

१९८२ साली त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातर्फे नागपुरात त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह आयोजित केला जातो. नातू राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार’च्या नव्या प्रयोगांत आजोबांची भूमिका केली, तसेच निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ (२०२२) या चरित्रपटात वसंतरावांची भूमिका साकारली. या चित्रपटातील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.