आगाऊ वर्गणी

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका प्रकाशकाकडून आमच्या पत्त्यावर एक घडीचे पत्रक आले. येत्या वर्षभरात निघावयाच्या पुस्तकांची ती यादी होती. डाव्या बाजूस कादंबऱ्या व कथासंग्रह, उजव्या बाजूस चरित्रे, प्रवासवर्णने व इतिहास, आणि अगदी खाली, चौकटीत, एक त्रिखंडी ग्रंथ. त्याच्यापुढे ठळक टाइपात लिहिले होते : प्रकाशनपूर्व सवलत. आज पैसे भरावेत, पहिला खंड दिवाळीस मिळेल, उरलेले दोन 'यथावकाश'.

मनीमाजऱ्यात आम्हां मराठी नोकरदारांची जी चार-सहा बिऱ्हाडे आहेत, त्यांत हे पत्रक हातोहात फिरले. हे गाव चंदीगडाहून कितीतरी जुने. १७६४ मध्ये सरहिंद पडल्यावर गरीबदास नावाच्या शीख सरदाराने येथे आपला अंमल बसविला. त्याच्या वंशातील राजा गोपालसिंग याने १८११ ते १८१५ या काळात जवळच मनसादेवीचे देऊळ बांधले. पुढे नव्या शहराने गावास पोटात घेतले, आणि २०२० मध्ये त्यास 'सेक्टर १३' असे नावही दिले. शहर आखणाऱ्यांनी जो आकडा मुद्दाम गाळला होता, तोच नेमका आमच्या वाट्यास आला! टपालवाला मात्र अजून जुन्याच नावाने आम्हांस ओळखतो.

पत्रक पाहून आमच्या एका लेखापाल मित्रांनी विचारले, "तिसरा खंड निघेपर्यंत आपण येथे असू काय?" प्रश्न साधा, पण केंद्र सरकारच्या चाकरीत असलेल्या माणसास तो बोचल्यावाचून राहत नाही. आमची बदली तीन-चार वर्षांनी होते. मराठीतील मोठा ग्रंथ पुरा होण्यास किती वर्षे लागतात? त्या रात्री आम्ही आमच्या जवळची जुनी पुस्तके काढून बसलो आणि ध्यानात आले की, परमुलखातील चाकरमाना आणि अजून न निघालेले मराठी पुस्तक यांचे नाते फार जुने आहे.

किंबहुना मराठी मुद्रणाचा आरंभच मुळी महाराष्ट्राबाहेर झाला. विल्यम केरी याचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये बंगालातील श्रीरामपुरास छापले गेले, आणि १८१० मध्ये त्याचा मराठी कोश मोडी टाइपात निघाला. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस मराठी शिकवीत असे. म्हणजे परमुलखात नेमणूक झालेल्या नोकरांच्या सोयीसाठी ही पुस्तके तयार झाली. नोकर इंग्रज होते, एवढाच काय तो फरक. त्याच सुमारास, १८०६ मध्ये, तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या गोष्टींचे 'बाळबोध मुक्तावली' हे पुस्तक छापून निघाले. पुण्याने छापील मराठी पुस्तक हातात घेण्यापूर्वीच कावेरीकाठच्या मराठी मुलांनी ते घेतले असावे, हा विचार आम्हांस नेहमीच सुखावतो.

पुढे मुंबई-पुण्यास छापखाने वाढले. परंतु पुस्तक छापावयाचे तर कागदास व खिळे जुळविणाऱ्यांस पैसे आधी लागतात. हे पैसे देणारे तीनच : सरकार, संस्थानिक आणि वर्गणीदार. वर्गणीदारास त्या काळी 'आश्रयदाता' म्हणत. शब्द मोठा मानाचा. पाच-पन्नास रुपये पगाराचा कारकून दोन रुपये पाठवून आश्रयदाता होई. मासिकांनी ही रीत अधिक सोपी केली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ पासून सात वर्षे चालली व तिचे ८४ अंक निघाले. वर्गणी भरणाऱ्यास पुढील अंकात काय येणार हे ठाऊक नसे, तरी तो भरी. १८७८ मध्ये साने, मोडक आणि शाळिग्राम यांनी 'काव्येतिहाससंग्रह' सुरू केला. बखरी, जुनी काव्ये, पत्रे असे जे साहित्य वाड्यांतून कसरीच्या तोंडी चालले होते, ते महिन्यामहिन्याने तुकड्यातुकड्यांनी वर्गणीदारांच्या घरी पोचू लागले. बांधीव ग्रंथ म्हणून त्यातील कितीतरी मजकूर त्या काळी कोणी छापलाच नसता.

येथे आमच्या हातातील पत्रकाच्या दोन बाजूंचा उलगडा होतो. कादंबरी वर्गणीच्या आशेवर फारशी कधी बसली नाही. ती नियतकालिकाच्या पाठीवर बसून आली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० मध्ये निघालेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढचे प्रकरण वाचावयाचे म्हणून लोक पत्र घेत, आणि पत्र खपे म्हणून प्रकरण लिहिले जाई. या व्यवहारात वाचकाची फसगत झालीच तर ती गोड असे. खुद्द हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, पण त्याबद्दल कोणी दावा लावल्याचे आमच्या वाचनात नाही. इतिहास, कोश, चरित्र यांची गोष्ट निराळी. तेथे लेखकास आधी दहा वर्षे दप्तरे चाळावी लागतात, आणि त्या दहा वर्षांचे भाडे कोणी तरी भरावे लागते. म्हणून सवलतीची चौकट नेहमी उजव्या बाजूसच असते!

गोविंद सखाराम सरदेसाई हे आमच्यासारखेच परमुलखातील चाकर. १८८९ मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेले. राजपुत्रांस इतिहास शिकविण्याचे काम अंगावर पडले, आणि त्यासाठी काढलेल्या टिपणांतून रियासती उभ्या राहिल्या. मुसलमानी रियासत १८९८ मध्ये निघाली, मराठी रियासतीचा आरंभीचा भाग १९०२ मध्ये. शेवटचा भाग निघावयास १९३२ साल उजाडले. तोवर सरदेसाई निवृत्त होऊन कामशेतास राहावयास गेले होते. तीस वर्षे! ज्याने पहिला भाग तरुणपणी घेतला, त्याच्या नातवाने शेवटचा भाग दाराशी सही करून घेतला असेल. कचेरीतून घरी आल्यावर दिव्याशी बसून लिहिलेले हे काम आहे, हे आम्हां कारकुनांस कोणी मुद्दाम सांगावयास नको. त्या पानांतील नेटकेपणा आमच्या ओळखीचा आहे.

परंतु आगाऊ वर्गणीच्या इतिहासाचा खरा नायक म्हणजे डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या या गृहस्थाने मराठीत ज्ञानकोश करावयाचे योजिले, तेव्हा त्याच्यापाशी सरकार नव्हते, संस्थानही नव्हते. त्याने नागपुरास मंडळ स्थापिले तेही धर्मादाय नव्हे. रीतसर लिमिटेड कंपनी केली, भाग विकले आणि न लिहिलेल्या ग्रंथाचे वर्गणीदार जमवावयास गावोगाव माणसे धाडली. पुढे काम पुण्यास हलविले. विद्वानाने दुकान मांडले म्हणून हसणारे त्या वेळी पुष्कळ होते. आम्हांस मात्र त्यातील सचोटी महत्त्वाची वाटते. दान घेणाऱ्यास हिशेब द्यावा लागत नाही. भाग विकणाऱ्यास द्यावा लागतो. केतकरांनी तो दिलाही. 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने ज्ञानकोशमंडळाचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून काढला. हिशेबाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी पाहावा.

पहिला खंड १९२० च्या सुमारास निघाला, त्याचे नाव 'हिंदुस्थान आणि जग'. त्यानंतर वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. अकारादी नोंदींची वाट पाहणाऱ्या वर्गणीदारास पाच खंड केवळ प्रस्तावनेचेच मिळाले, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल याची आम्ही कल्पना करतो. त्याने कोश मागितला होता, आणि त्याला जगाचा इतिहास पोचता झाला! तरीही ते दशक संपण्यापूर्वी तेवीसही खंड पुरे झाले. महाराष्ट्राच्या शब्दाखातर एवढा मोठा वायदा एवढ्या थोड्या वर्षांत दुसऱ्या कोणी फेडल्याचे आम्हांस ठाऊक नाही. केतकरांची स्वतःची ओढगस्त मात्र संपली नाही. १९३७ मध्ये ते वारले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. जाता जाता एक सांगावयाचे ते हे की, याच कोशकाराने कादंबऱ्याही लिहिल्या आणि त्यांतील एकीचे नाव 'परागंदा' असे आहे. देश सोडून गेलेल्या मराठी माणसांची चिंता त्याला होती.

स्वातंत्र्यानंतर हीच वाट इतरांनी तुडविली. पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचा पहिला खंड १९६२ मध्ये, दहावा १९७९ मध्ये निघाला. मराठी विश्वकोशाच्या पाठीशी राज्य सरकार उभे होते. तरी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसाव्याचे काम आटोपावयास २०१५ साल लागले. १९७५ च्या आसपास मुंबईत 'ग्रंथाली'ची वाचक-चळवळ सुरू झाली. सभासदाने आधी पैसे द्यावेत व पुस्तक स्वस्तात घ्यावे, हीच जुनी आश्रयदात्याची रीत तिने नव्याने चालविली, आणि १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' वाचकांच्या हाती दिले. ज्या पुस्तकाचा खप कोणी आधी वर्तविला नसता, अशा पुस्तकास वाचकाचा आगाऊ रुपया केवढे बळ देतो, हे त्यावरून कळावे.

आणि ते २०१५ साल आम्हांस दुसऱ्याही कारणाने आठवते. त्या वर्षी एप्रिलच्या ३ ते ५ तारखांस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन याच पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे भरले. अध्यक्ष डॉक्टर सदानंद मोरे होते. ज्या नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत, त्यांचे हे गाव. संमेलन तेथे ठरताच मराठी प्रकाशकांच्या संघटनेने बहिष्कार पुकारला. घुमानात मराठी वाचक कोठला, पुस्तकांचे गठ्ठे एवढ्या दूर नेऊन ते विकावयाचे कोणास, असा त्यांचा सवाल होता. व्यापारी हिशेबाने तो खोटा नव्हे. आम्हीही हिशेबाची माणसे आहोत. पण पंजाबात राहणाऱ्या मराठी माणसास तो ऐकून कसेसेच होते. श्रीरामपूर, तंजावर, बडोदे, नागपूर या नावांशिवाय ज्या धंद्याचा इतिहास लिहिता येत नाही, त्या धंद्याने अंतर मोजून वाचक नाही असे म्हणावे? दुकानातील वाचक पुस्तक चाळून घेतो. दूरचा वाचक नुसत्या यादीवर भिस्त ठेवून पैसे धाडतो. घुमानास गठ्ठे नेणे कठीण वाटणाऱ्यांची पत्रके मात्र आमच्या दाराशी न चुकता येतात.

अर्थात ही भिस्त नेहमीच फळते असे नाही. आमच्याच फळीवर एका चरित्रग्रंथाचे दोन भाग आहेत. तिहींचे पैसे आम्ही नऊ वर्षांपूर्वी, मागच्या नेमणुकीच्या गावी असताना भरले. दोन आले. तिसऱ्यासाठी चार पत्रे लिहिली. पहिल्यास 'लवकरच' असे उत्तर आले, पुढच्या तिहींस आलेच नाही. प्रकाशकाचे नाव सांगण्यात आता स्वारस्य नाही. कदाचित तो खंड निघालाही असेल, आणि आमच्या जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरला असेल. बदलीच्या हुकमात सामान हलविण्याचा भत्ता असतो, वाटेवर असलेल्या पुस्तकासाठी काही नसते.

म्हणून या खेपेस मनीमाजऱ्यातील मंडळींत खल झाला. एकाचे म्हणणे, कादंबऱ्या तेवढ्या घ्याव्यात. त्या छापून तयार असतात व वायदा मोडण्याचा प्रश्न येत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, मग त्या दुकानातूनही मिळतील. आपले नाव आधी लागते ते त्रिखंडीलाच. लेखापाल मित्र बराच वेळ गप्प होते. सेवानिवृत्तीस त्यांची दोन वर्षे उरली आहेत आणि पुढील मुक्काम सांगलीस. अखेर ते म्हणाले, "माझे नाव घाला. उरलेले खंड मी नसलो तरी इथे येऊ देत. कोणी तरी मराठी माणूस बदलून येईलच."

पाच जणांनी मिळून एक संच घ्यावयाचा असे ठरले. नमुन्यात पत्त्याची जागा आली तेव्हा पुन्हा अडले, कारण पाचांपैकी एकाचाही पत्ता ग्रंथ पुरा होईतो टिकण्याची हमी नव्हती. तेव्हा आम्ही आमच्या घरमालकांस विचारले. सरदारजींचे घराणे तीन पिढ्या याच गल्लीत आहे. पुस्तक कोणत्या भाषेत आहे, असे त्यांनी विचारले. मराठीत, म्हटल्यावर त्यांचा पुढला प्रश्न आला, "भगत नामदेवजींची भाषा ती हीच ना?" आम्ही होय म्हटले. त्यांनी कोपऱ्यातील लोखंडी पेटीवरचे सामान बाजूस सारून जागा दाखविली, आणि आम्ही नमुन्यावर त्यांचा पत्ता लिहून दुसऱ्या दिवशी पैसे भरले.