१० मीटर एअर पिस्तूल
१० मीटर एअर पिस्तूल हा नेमबाजीतील एक क्रीडाप्रकार असून १९८८ पासून त्याचा ऑलिंपिक स्पर्धांत समावेश आहे. ४.५ मिलिमीटर छर्‍यांचे हे पिस्तूल एकाच हाताने, आधाराविना धरतात. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ ११.५ मिलिमीटर असतो.

नवशिक्याचे प्रशिक्षण सुरक्षेपासून सुरू होते: नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. पुढे छर्‍याविना चाप ओढण्याचा सराव करतात. नजर लक्ष्याऐवजी नळीच्या टोकावरील माशीवर ठेवावी लागते. हात थोडा हलतोच. मात्र माशी मागील खाचेतून किंचित सरकल्यास किंवा चाप झटक्याने ओढल्यास नेम अधिक चुकतो. भारताच्या मनू भाकर यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकारात महिलांचे कांस्यपदक मिळवले.